आमिषाकडे बघायचं नाही

अध्यक्षसाहेब, मागं वळून बघू नका. तुमच्याशीच बोलणं चाललंय. वसाहतीच्या फाटकाच्या चाव्या, गच्चीचं कुलूप आणि लोकांच्या घरात कोण राहणार याचा निकाल, हे तिन्ही एकाच खिशात घालून फिरणारे तुम्ही. तुम्ही एका मुलीचं प्रेम मोडलंत. मुद्दाम मोडलं असतंत तर दुष्ट माणूस म्हणून निदान लक्षात तरी राहिला असतात. पण तुम्ही ते मोडलंत निवांत आंघोळ करून, भांग पाडून, उशिरा येऊन! आणि आल्यावर वर आणखी एक नियम ठोकून. तुम्हाला या सगळ्यातलं फक्त कुत्रं आठवतंय. म्हणून आता उरलेलं ऐका.

कुत्र्याचं नाव भिरभिऱ्या. तपकिरी रंग, लांब पाय, शेपूट अशी की तिच्या तडाख्यात टेबलावरचा कप जिवंत राहायचा नाही. एक कान उभा, एक पडलेला. एका कानानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं सोडून द्यायचं, हे देवानंच ठरवून पाठवलेलं. फुलपाखरू दिसलं की तिकडे, पिशवी वाजली की इकडे, आणि काहीच नसलं तर स्वतःच्याच शेपटीमागं.

तो घरात आला तो एका ओल्या दुपारी, उघड्या दारातून, न विचारता. घरात दोघंच होती. ती आणि तिचे वडील, आप्पा. आप्पांनी उभं आयुष्य छापखान्यात यंत्रापुढं उभ्यानं काढलं होतं, पण आई गेली तसे ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेवा म्हटलं तर जेवायचे, झोपा म्हटलं तर झोपायचे. तिनं डॉक्टर केले, आत्याला बोलावलं, रडून पाहिलं, भांडून पाहिलं. दगडाला पाझर फुटेना. आणि त्या दुपारी हे भिजलेलं पिल्लू आत शिरलं, आप्पांच्या पायातला मोजा ओढून काढला आणि पळालं.

"अरे चोरा!"

ती स्वयंपाकघरात दूध तापवत होती. तो आवाज ऐकून तिनं दूध उतू जाऊ दिलं. आप्पा खुर्चीतून उठले होते. एका पायात मोजा, एक पाय उघडा, आणि कुत्र्यामागं घरभर धावत होते… धापा टाकत, शिव्या देत, हसत! ती दारात उभी राहून बघत राहिली, आणि शेगडीवर दूध करपलं. त्या करपल्या वासाची तिला पुढं कायम माया वाटली.

तर असं हे कुत्रं. आणि तुम्हाला काय दिसलं, अध्यक्षसाहेब? ते अंगणातल्या सभेत घुसलं, टेबलावरचा कपडा ओढला, पाण्याचा तांब्या तुमच्या मांडीवर उलटला. बस्स. लगेच निकाल.

"एक तर निळा पट्टा, नाही तर कुत्रं बाहेर. नियम म्हणजे नियम!"

निळा पट्टा म्हणजे अग्निशमन केंद्रामागच्या मैदानावर रविवारी भरणाऱ्या कुत्र्यांच्या शाळेचा. जो कुत्रा परीक्षा पास होईल त्याच्या गळ्यात शाळेच्या बाई निळा पट्टा बांधायच्या. त्या बाई पूर्वी मुलांच्या शाळेत कवायत शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टीची गरज काय, असं वाटावं. सगळे त्यांना कवायतबाई म्हणत.

ती पहिल्या रविवारी गेली तेव्हा गवत ओलं होतं, धुकं अजून मैदानाच्या कडेला रेंगाळत होतं, आणि तिच्या पिशवीत काम होतं. ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरडीवर एकेक दात लावायचा, चावा जुळवायचा, मग पुढचं सगळं. त्या आठवड्यातली एक कवळी अर्धी राहिली म्हणून तिनं घरी नेली होती, आणि पिशवी तशीच खांद्याला होती. चूकच. पण भिरभिऱ्याच्या सहवासात माणसाच्या चुका वाढतात.

मैदानात पाऊल टाकलं न टाकलं तोच दोरी हातातून गेली, पिशवी उलटी झाली, आणि भिरभिऱ्या तोंडात काहीतरी धरून मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका उंच, काळ्यासावळ्या माणसाकडे सुसाट सुटला. त्याच्यापुढं जाऊन बसला. वस्तू बुटांपाशी ठेवली. आणि मग असा बघत राहिला की जणू बक्षीस द्या.

ती धापा टाकत पोचली. त्या माणसानं वाकून वस्तू उचलली, उलटसुलट पाहिली.

"हे तुमचं?"

"माझे शाबूत आहेत!"

"ते दिसतंय. मघापासून माझ्यावरच रोखलेत."

तिनं ओठ मिटले. मग उघडले. "मी बनवते ते. कवळ्या. आणा इकडे."

"थांबा, थांबा. म्हणजे हे दात ज्यांचे आहेत ते आत्ता…"

"…पातळ काहीतरी खात असतील. आणा म्हटलं ना!"

त्यानं ती कवळी तोंडापुढं धरली, छाती फुगवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नियम म्हणजे नियम!"

ती मटकन गवतातच बसली. हसू आवरेना. पोटात दुखायला लागलं.

"काय झालं? एवढं काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"कुणाचे आहेत ते!"

होय, अध्यक्षसाहेब. तुमचेच. घाबरू नका, तिनं ते टाकून दिले आणि सगळे पहिल्यापासून नवे केले. पण त्या दिवसापासून जगात तिघांना एक गोष्ट माहीत होती जी चौथ्याला नव्हती, आणि त्या तिघांतला एक कुत्रा होता. प्रेम यापेक्षा लहान गोष्टींवरही सुरू होतं.

शिट्टी वाजली. "आमिष! जागेवर!"

"मलाच बोलावतायत," तो म्हणाला आणि कवळी तिच्या ओंजळीत ठेवून चालू लागला. कंबरेच्या किल्ल्यांचा जुडगा छन् छन् वाजत गेला. भिरभिऱ्याचा पडलेला कानही उभा राहिला.

आमिष हे त्याचं त्या मैदानावरचं नाव आणि कामही. कुत्र्यांना एका जागी बसायला शिकवणं सोपं. पण समोरून कुणी खाऊची पिशवी वाजवत गेलं, चेंडू उडवला, लाडानं बोलावलं, तरी मालकाच्या डोळ्यांतून डोळे काढायचे नाहीत, हे खरं शिक्षण. म्हणून शाळेत एक माणूस लागतो मोहात पाडायला. तो खिशात उकडलेली कलेजी घेऊन फिरतो, शीळ घालतो, लोळतो, आणि सगळ्या कुत्र्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही. हा एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि रविवार असा घालवायचा.

"कुत्री एवढी आवडतात तर स्वतःच का पाळत नाही?" एकदा तिनं विचारलं.

"भाड्याची खोली आहे. तिथं कुत्रं चालत नाही. मांजर चालत नाही. पाहुणा चालत नाही. मी चालतो, तोही अनवाणी."

"मग हे काय काम धरलंत? ज्यांचा लळा लागावा त्यांनाच शिकवायचं, माझ्याकडे बघू नका म्हणून."

"जो शिकतो तो पास होतो."

"आणि तुम्ही?"

"मी पुढच्या तुकडीचा आमिष."

हसत हसत म्हणाला तो. पण घरी जाताना ते हसणं तिच्या पिशवीत कुठंतरी राहून गेलं.

बाकीची कुत्री आठवड्यागणिक शहाणी झाली. भिरभिऱ्या जिथल्या तिथं. आमिष मैदानात उतरला की संपलं, दोरी ताणून, मागच्या दोन पायांवर उभं राहून तिकडेच. शेवटी कवायतबाई तरातरा तिच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, कुत्रं नाही बहकत. तू बहकतेस."

"मी?"

"तू आधी बघतेस तिकडे. मग तो बघतो. कुत्रा मालकाच्या नजरेनं चालतो. तू एकदा कोपऱ्यातून जरी बघितलंस ना, की त्याला वाटतं, तिकडे काहीतरी भारी आहे. त्याचं काय चुकलं?"

हे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. ती कानापर्यंत लाल झाली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आमिष खाली बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. नीट बांधलेलीच होती ती.

त्यानंतर सरावाची टूम त्यानंच काढली. संध्याकाळी काम सुटल्यावर, लॅबच्या मागच्या गल्लीत. खेळ साधा. ती भिरभिऱ्याला समोर बसवणार, त्याच्या डोळ्यांत बघणार. आमिष तिच्या मागं राहून हवं ते करणार, हवं ते बोलणार. तिनं वळून बघितलं की ती हरली.

पहिले काही दिवस ती धडाधड हरली.

"साप!" हरली.

"तुमच्या ओढणीला मेण लागलंय." हरली.

"आई गं… पाय मुरगळला…" हरली, आणि वर त्याच्या दंडावर एक चापटी ठेवून दिली. "खोटारडे!"

"कामच आहे माझं. खोटं बोलायचं आणि दुर्लक्ष करून घ्यायचं. बसा. पुन्हा."

हळूहळू ती शिकली. एकदा तो अगदी सहज म्हणाला, "माझं लग्न ठरलं."

ती वळली नाही. पण भिरभिऱ्याची मान हलली.

"दोरी थरथरली," मागून आवाज आला. "हरलात."

"…कुणाशी?"

"काय कुणाशी?"

"ठरलं."

"कुणाशीच नाही. आमिष होतं ते."

ती भिरभिऱ्याच्या कपाळावरचे केस उगाच सारखे करत बसली.

न बघायच्या त्या खेळात तिला तो जेवढा कळला, तेवढा बघून कुणाला कळला नसता. किल्ल्यांचा आवाज. त्यात एक तीनकोनी किल्ली होती, लिफ्टचं दार बाहेरून उघडायची, तिचा नाद बाकीच्यांपेक्षा जाड. उजव्या बुटाचं कुरकुरणं. खिशातल्या कलेजीचा वास आणि त्याखाली वंगणाचा. विचारात असला की नाकातून येणारी एक बेसूर गुणगुण. आणि तिच्या मागं तो थांबला की मानेवर जाणवणारी… काय म्हणायचं तिला? ऊब नव्हे. कुणीतरी आहे, एवढंच. भिरभिऱ्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणायची, "आज मोठं काम होतं वाटतं. वंगण जास्त आहे." तो म्हणायचा, "आणि तुम्ही आज समोरचे दात लावले. समोरचे दात लावले की तुम्ही ओठ चावता." म्हणजे तो बघत होता! त्याला बघायला बंदी नव्हतीच.

मग ती संध्याकाळ. धुकं लवकर उतरलं होतं, गल्लीतला दिवा ओलसर दिसत होता. भिरभिऱ्या पुतळ्यासारखा बसलेला. पिशवी वाजली, चेंडू गेला, शीळ झाली. ती हलली नाही. मग बराच वेळ काहीच नाही. किल्ल्याही गप्प. आणि अगदी हळू…

"मला तू आवडतेस."

तू! इतक्या दिवसांच्या तुम्ही-आम्हीनंतर तू!

ती वळली. अख्खी वळली. तो दिव्याखाली उभा होता आणि त्याचा चेहरा… खोटं बोलणाऱ्याचा नव्हता तो. उंच शिडीवर चढून खालची जमीन दिसल्यावर होतो तसा. ती तोंड उघडणार, तेवढ्यात भिरभिऱ्यानं झेप घेतली, दोन्ही पंजे त्याच्या छातीवर, कलेजी रस्ताभर. आणि त्या गडबडीत त्यानं पटकन हसू पांघरलं.

"हरलीस!"

"हे… हे चीटिंग आहे!"

"सगळंच चीटिंग असतं यात."

दोघंही हसली. गरजेपेक्षा मोठ्यानं. एक जण बोलून माघारी गेला, दुसरी ऐकून गप्प राहिली. भेकड, दोघंही. हे काही मी तुमच्या माथी मारत नाही, अध्यक्षसाहेब. ज्याचं माप त्याच्या पदरात. फक्त तू-तू मात्र राहिलं. ते कुणी परत तुम्हीवर नेलं नाही. तिला वाटलं, परीक्षा होऊ दे. पट्टा बांधला की त्याच पावली त्याच्यापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं, त्या दिवशीचं पुन्हा बोल, आता मी बघत्येय.

शाळेचा एक जुना दंडक होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमिषानं आणि परीक्षेला बसणाऱ्यानं भेटायचं नाही, फोनही नाही. कुत्रा मालकाच्या कपड्यांवर आमिषाचा वास घेऊन आला तर परीक्षा कसली? आणि परीक्षेच्या सकाळी आमिष केंद्राच्या भिंतीआड थांबायचा, नाव पुकारेपर्यंत.

नेमकं आदल्या दिवशीच कंपनीनं त्याला बोलावून सांगितलं. लांब, एका बंदरावर उंच इमारती उभ्या राहतायत, लिफ्ट बसवायला माणूस हवा. काही वर्षांचं काम. किल्ल्यांचा जुडगा इथंच जमा कर, हे घे नवे बूट, उद्या दुपारी गाडी. तुला जमत नसेल तर आत्ताच काही सांगू नकोस, गाडी येईल तेव्हा सांग, दुसरा तयार आहे. त्यानं फोन हातात घेतला आणि ठेवला. दंडक तो दंडक. शिवाय परीक्षा सकाळी सकाळीच होती. ती उरकली की अख्खी सकाळ हाताशी. निवांत बोलता येईल, असा त्याचा हिशेब.

आणि इथं तुम्ही येता, अध्यक्षसाहेब.

तुम्ही निरोप धाडलात, "माझ्या डोळ्यांदेखत परीक्षा झाली पाहिजे." कवायतबाईंनी मान्य केलं. मंडळी गवतावर दव असताना जमली. दव गेलं. ऊन आलं. ऊन डोक्यावर आलं. कुत्री जिभा काढून बसली, माणसं घड्याळं बघत बसली. भिंतीआड एक माणूस बसला होता, तो कुणाला दिसत नव्हता. आणि मग तुम्ही आलात, डोक्याला तेल, तोंडात नवी कवळी, जणू तुमच्याचसाठी सूर्य थांबला होता. तिनं लावलेल्या दातांनी हसलात आणि म्हणालात, "शिकवणाऱ्यानं एकदा जरी नजर हलवली तरी नापास."

"आमच्यात एक चूक माफ असते," कवायतबाई म्हणाल्या.

"आमच्यात नसते."

वसाहतीच्या खिडकीत त्या वेळी आप्पा बसले होते. सकाळी निघताना त्यांनी भिरभिऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, "चोरा, पास होऊन ये रे. नाहीतर माझ्यामागं कोण लागणार?" हसत म्हटलं होतं, पण त्यांचे हात सुटत नव्हते.

तिचं नाव पुकारलं. भिरभिऱ्या समोर बसला. तिनं गुडघे टेकले, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. शिट्टी झाली.

किल्ल्या वाजल्या नाहीत. बुटाचं कुरकुरणं नाही, कोऱ्या चामड्याचा वास. कलेजीचा वासही नाही. तिला कळलं, काहीतरी वेगळं आहे. आणि तिला वाटलं, वा रे पठ्ठ्या! सगळ्या खुणा पुसून आलास होय? ओळखीचं काहीच ठेवलं नाहीस!

तो तिच्या मागं गुडघे टेकून बसला. अगदी जवळ.

"ऐक. हा खेळ नाहीये. कंपनी मला लांब पाठवतेय. काही वर्षं. गाडी फाटकात उभी आहे… कधीची. मी नाही म्हटलं तर दुसरा जाईल. मला जायचं नाही गं. पण राहायचं कशासाठी, हे मला एकट्यानं कसं ठरवता येईल? एकदा मागं बघ. एकदाच. मी त्यांना नाही म्हणून सांगतो."

तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं. काय सफाई! आवाज किती खरा! लग्न ठरलं, पाय मुरगळला, साप, आणि आता हे. या माणसाला तर नाटकात घ्यायला हवं. तिनं दोरीवरचा हात ढिला केला. थरथर नको. भिरभिऱ्याच्या काळ्याभोर बुबुळांत एक इवलासा माणूस वाकलेला दिसत होता. त्याच्या खांद्यावर काहीतरी होतं. पिशवी? असेल कलेजीची.

भिरभिऱ्याचा पडलेला कान थरथरला. तिनं डोळ्यांनीच त्याला दटावलं, नाही हं.

इवलासा माणूस सरळ झाला.

"बरं," तो म्हणाला. "जिंकलीस."

एवढ्या दिवसांत तो असं कधीच म्हणाला नव्हता. हरलीस म्हणायचा, पुन्हा म्हणायचा. जिंकलीस नाही. तेव्हा तरी वळायचं ना! तिच्या मनात आलंही. पण शिट्टी वाजायची होती, आणि तुम्ही समोर खुर्चीत बसून तिचे डोळे बघत होता.

शिट्टी वाजली. टाळ्या झाल्या. कवायतबाईंनी भिरभिऱ्याच्या गळ्यात निळा पट्टा बांधला. ती वळली, हात उंचावून, तोंडभर हसत, "बघ!" म्हणायला…

गवत दबलेलं होतं. दोन गुडघ्यांच्या खुणा.

फाटकाकडे धूळ उडत होती, आणि तीही बसायला लागली होती.

"अगं, तो गेला ना," कवायतबाई म्हणाल्या. "गाडी केव्हाची थांबली होती. तुला सांगितलं नाही का त्यानं?"

"सांगितलं," ती म्हणाली.

संध्याकाळी फोन लागला. मागं गाडीचा आवाज, वाऱ्याचा आवाज.

"मला वाटलं खेळ आहे."

"मलाही वाटलं, तुला असंच वाटेल."

"मग मोठ्यानं का नाही बोललास? ओरडायचंस! हात धरायचास!"

"हात धरला असता तर तू वळली असतीस."

"मग?"

"मग आप्पांचं काय झालं असतं?"



"म्हणजे तू विचारलंसही आणि विचारलं नाहीसही," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"परत ये."

"आता होय म्हणून बसलोय गं. तो दुसरा माणूस माघारी गेला." मग तोच पुढं, "त्या गल्लीत मी बोललो होतो ना… ते आमिष नव्हतं."

"माहीत आहे मला."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तू हरलीस म्हणालास ना!"

पुढं काही दिवस फोन झाले. मग तो उंच मजल्यांवर असायचा, तिथं आवाज तुटायचा. ही लॅबमध्ये असायची, हात मेणात. बोलणं आटत गेलं. बोलायचं राहिलेलं मात्र आटलं नाही, ते तसंच तुंबून राहिलं.

आणि भिरभिऱ्या? आदर्श. वसाहतीत चालला तर तिच्या पायाशी, सरळ. फुलपाखरू नाकावर बसलं तरी डोळे तिच्याच चेहऱ्यावर. लोक तारीफ करायचे. एका सकाळी तिनं दारातून पाहिलं. आप्पांनी स्वतःच पायातला मोजा काढला, कुणी बघत नाही ना बघितलं, आणि मुद्दाम जमिनीवर टाकला. भिरभिऱ्यानं मोज्याकडे पाहिलं नाही. मान वळवून दारातल्या तिच्याकडे पाहिलं, परवानगीसाठी. बसून राहिला.

आप्पांनी मोजा उचलला, झटकला, पायात घातला.

"फार शहाणा केलास गं याला," ते म्हणाले. "फारच शहाणा." आणि खुर्चीत टेकले.

परवा वसाहतीची लिफ्ट अडकली. तुम्ही खाली अंगणात उभे राहून दुरुस्तीवाल्याची वाट बघत होता. ती भिरभिऱ्याला बसवून फाटकाशी उभी होती. आप्पा जिन्यानं खाली उतरत होते, बऱ्याच दिवसांनी, कठडा धरून. आणि फाटकातून आवाज आला.

छन्. छन्. त्यात एक नाद जाड.

भिरभिऱ्याचा पडलेला कान वर आला. तो उठला. बस म्हटलेलं असताना उठला, आणि बाणासारखा सुटला. ती ओरडली नाही. ती स्वतःच वळली होती, अख्खी, पायाखालची पिशवी तुडवत.

अनोळखी माणूस होता. वयस्क, चष्मा लावलेला. भिरभिऱ्यानं त्याच्या छातीवर पंजे ठेवले, कंबरेच्या किल्ल्या हुंगल्या, बूट हुंगले, हात हुंगले. शेपूट हळूहळू खाली आली. मग खाली उतरून तो फाटकाबाहेर रस्त्याकडे बघत उभा राहिला. तीही.

"उठला!" तुम्ही म्हणालात, अध्यक्षसाहेब. "मी बघितलं! माझ्या डोळ्यांनी बघितलं. आज्ञा मोडली. काढा त्याचा पट्टा!"

तिनं भिरभिऱ्याला जवळ बोलावलं. गुडघे टेकून स्वतःच्या हातांनी पट्टा सोडला. भिरभिऱ्यानं मान झाडली, एकदा, दोनदा, अंगभर. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या आप्पांच्या पायावर झडप घालून मोजा ओढला.

"अरे चोरा!"

अंगणभर आवाज घुमला. आप्पा धावत होते.

ती उठली, तुमच्यापुढं आली आणि निळा पट्टा तुमच्या हातात ठेवला.

"हा घ्या. कुत्रं कुठं जाणार नाही. काय करायचं ते करा. पण आधी एक सांगा. त्या दिवशी मी नजर हलवली नाही, तर तुम्ही पास म्हणालात. आज हा आपल्या माणसाकडे धावला, तर चुकला म्हणता. ज्याच्याकडे बघायला हवं होतं, त्याच्याकडे बघायचं नाही, असा नियम तुम्ही कुणाच्या भल्यासाठी केलात?"

तुम्ही तोंड उघडलंत. मिटलंत. पुन्हा उघडलंत.

"दात मीच बसवलेत तुमचे," ती म्हणाली. "घट्ट आहेत. पडायचे नाहीत. बोला."